दोन्ही हात

ईस्टरच्या सकाळी सुगंधाबाई प्रभुभोजनाची भाकर घेऊन चर्चपाशी आल्या, तर दाराला दोन कुलपं! चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीची निवडणूक आठवड्यावर आलेली. एक कुलूप त्यांच्या लेकाच्या, शांतवनच्या गटाचं, दुसरं उजागरे मास्तरांच्या गटाचं. "आधी त्यांनी काढावं," दोघांचंही म्हणणं एकच. पाळकसाहेब हात जोडून थकले होते आणि नवे कपडे घातलेली मंडळी उन्हात ताटकळत होती.

सुगंधाबाईंनी पदर खोचला. "प्रभू थडग्याची धोंड सारून बाहेर आला. तो काय तुमच्या कुलपात अडकून बसलाय होय? चला पाळकसाहेब, लिंबाखाली!"

शेजारच्या घरातून टेबल आलं, त्यावर पांढरी चादर अंथरली गेली आणि उपासना सुरू झाली. पहिलं गीत असं दणक्यात झालं की दाराशी राखण करणारे शांतवन आणि मास्तरही मुकाट्यानं येऊन मागच्या रांगेत बसले.

भाकर वाटताना पाळकसाहेबांसोबत ताट धरून सुगंधाबाई लेकासमोर आल्या. त्यानं डावा हात पुढे केला. उजव्या मुठीत किल्ली होती. इथं भाकर ओंजळीत घ्यायची रीत.

"दोन्ही हात," त्या म्हणाल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. त्यांना कसलीही घाई नव्हती.

शांतवननं मान खाली घातली. किल्ली गवतात ठेवली आणि ओंजळ पुढे केली.

त्या पुढे सरकल्या, तर मास्तरांची ओंजळ आधीच पसरलेली होती, आणि त्यांची किल्ली शांतवनच्या किल्लीशेजारी पडली होती.