पाहुण्याला नदी

"शिवण उसवली की पाहुण्याला नदी दाखवायची ना?" मागे उभा असलेला उंच माणूस हळूच म्हणाला.

"मग काय घरी पोचवायचं?" टक्कलवाला हसला.

कपाटाच्या कुलपात फिरणारी कुलूपवाल्याची तार थबकली.

ही बोली त्याने पूर्वी ऐकली होती. विसरायचा खूप प्रयत्नही केला होता. शिवण म्हणजे कुलूप. पाहुणा म्हणजे ज्याने चेहरे पाहिलेत तो. आणि नदी दाखवलेला पाहुणा पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडत नाही.

त्याने चोरट्या नजरेने खोली पाहिली. खिडकीला गज, दाराला आतून कडी. सकाळी दुकानात आले तेव्हा दोघं किती गोड बोलत होते. किल्ली हरवलीय, आईची औषधं कपाटात अडकलीत. तो लगेच पिशवी उचलून निघाला. जावई जेवायला यायचेत, रेंगाळू नका, असं बायकोने बजावलं होतं.

त्याने पाणी मागितलं. पेला तोंडाशी नेताना निम्मं पाणी शर्टावर सांडलं. उकडतंय फार, असं तो पुटपुटला. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

मग त्याने वेळ काढायला सुरुवात केली. तार बदलली, तेल सोडलं, उगाच खाटखूट केली. पण मेलं कुलूप, नको तेव्हाच उघडलं.

कपाटात औषधं नव्हती. काहीच नव्हतं.

पैसे राहू द्या, असं म्हणत तो पिशवी आवरू लागला. उंच माणूस दाराला पाठ लावून उभा राहिला.

तिथे त्याचा धीर सुटला. तो मटकन खाली बसला आणि त्याने हात जोडले.

"मी तुम्हाला पाहिलंच नाही. नदीवर नका नेऊ मला. लेकीचा संसार आत्ता कुठे उभा राहिलाय."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. टक्कलवाल्याने त्याला दंडाला धरून उठवलं, खुर्चीवर नीट बसवलं आणि खिशातून पोलिसांचं ओळखपत्र काढून समोर धरलं.

"घाबरू नका, काका. तुमच्याआधी गावातले कितीतरी कुलूपवाले येऊन गेले. प्रत्येकासमोर आम्ही हेच बोललो. सगळे पैसे मोजून घेऊन, हसत घरी गेले."

त्याने ओळखपत्र खिशात ठेवलं.

"ही बोली फक्त पाच जणांना यायची. त्यातले चौघं तुरुंगात आहेत."