तिघांसाठी राउटर

“एका वेळी तिघं खेळतात,” तेजसने सांगितलं. “मी, माझी बहीण आणि चुलतभाऊ. तिघं तीन खोल्यांत.”

दुकानातल्या मुलीच्या बिल्ल्यावर नम्रता असं नाव होतं. तिने लगेच एक खोकं पुढे केलं. “मग हाच राउटर घ्या, सर. घरात कुणी सिनेमा बघत असलं तरी हा गेमला आधी वाट देतो. अडकत नाही.”

तेजसला हाच हवा होता. चार दिवस वाचून वाचून त्याने हाच ठरवला होता. गेल्या रविवारी स्पर्धेत बहिणीच्या, भाग्यश्रीच्या पडद्यावरचा माणूस ऐन वेळी जागच्या जागी गोठला आणि कुणीतरी येऊन त्याला आरामात मारून गेलं. उद्या पुन्हा सामना होता. उद्या हरली, तर कॉलेजच्या संघातून तिचं नाव कटणार होतं.

“गच्चीपर्यंत जातो का?” मागून त्याच्या वडिलांनी, रंगरावांनी विचारलं.

नम्रता गोंधळली. “गच्चीवर कोण खेळतं, काका?”

“कबुतरं.”

तेजसने मान खाली घातली. त्याचे वडील तीस वर्षं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासनीस होते. निवृत्त होऊन वारज्यात चौथ्या, सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायला आले, पण तपासणी काही सुटली नाही. गॅसचा सिलिंडर असो की वांगी, स्वतः हातात घेऊन बघायचे आणि एकच शेरा मारायचे, “तपासलंय.” सोसायटीच्या टाकीतलं पाणी बघायला रोज अकराला गच्चीवर जायचे. तीन महिन्यांपूर्वी गुडघे दुखतात म्हणून तेवढं एक काम सोडलं. गच्चीचं कुलूपही काढून टाकलं, ज्याला बघायचं त्याने जाऊन बघावं म्हणून. आज मात्र दुकानाची लिफ्ट बंद होती, तर दोन जिने ते तेजसच्या पुढे चढून आले होते.

“बाबा, लांब जाणारा सिग्नल हळू असतो,” तेजस शक्य तितक्या शांतपणे म्हणाला. “तिघं एकदम बसले की गेम अडकणार. आपल्याला रेंज नकोय, वेग हवाय.”

“तुला नको असेल. मला हवीय.” मग नम्रताकडे वळून ते म्हणाले, “स्लॅबमधून वर जाईल असा दाखवा.”

तिने खालच्या फळीवरून धूळ बसलेलं एक खोकं काढलं. “हा जाईल. पण सर म्हणतात ते बरोबर आहे, काका. तिघांच्या गेमला हा पुरणार नाही. सर, तुम्ही आयटीत का?”

“हो. हिंजवडीला.”

“मग तुम्हीच समजावा ना यांना.”

रंगरावांना समजावणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. तेजसने मुकाट्याने पाकीट काढलं, तर त्यांनी त्याचा हात मागे सारला. “तुझे राहू देत.” आणि धुळीचं खोकं काखेत मारून ते जिना उतरू लागले. एका परक्या मुलीसमोर आपली अक्कल अशी निकालात काढलेली तेजसला फार लागली. घरात त्याला विचारून करावी अशी ही एवढी एकच गोष्ट उरली होती.

घरी आल्यावर नवीन तमाशा. राउटर आतल्या खोलीत लावायचा सोडून रंगरावांनी तो मुख्य दारावर, जिन्याच्या बाजूला, अगदी छताला टेकवून लावायला लावला.

“मुलं आत खेळतात,” तेजसची आई, वासंतीबाई म्हणाल्या. “हे दारावर काय टांगलंय? लिंबू-मिरची?”

“नजर लागू नये म्हणून,” रंगराव म्हणाले.

रविवारी संध्याकाळी सामना सुरू झाला. भाग्यश्री तिच्या खोलीत, चुलतभाऊ इंद्रजीत हॉलमध्ये, तेजस आत. चौदाव्या मिनिटाला भाग्यश्रीचा माणूस पुन्हा गोठला. दोन मिनिटांत सगळं आटोपलं. ती हेडफोन हातात घेऊन बाहेर आली तेव्हा रंगराव पेपर वाचत होते.

“माझं खेळणं आवडत नाही, तर तसं सरळ सांगायचं होतं, बाबा.” आणि ती खोलीत जाऊन रडत बसली.

तेजसचा बांध फुटला. “तुम्हाला यातलं काडीचं कळत नाही, तरी शेवटचा शब्द तुमचाच. कारखाना सुटून सहा वर्षं झाली. आता तरी घरातल्या माणसांची तपासणी थांबवा.”

असं तो वडिलांशी आयुष्यात कधी बोलला नव्हता. इंद्रजीतने टीव्हीचा आवाज कमी केला. रंगरावांनी पेपरची घडी घातली, चष्मा डबीत ठेवला आणि झोपायला गेले. भाग्यश्री त्या रात्री जेवली नाही.

सोमवारी साडेआठला तेजस रोजच्यासारखा गळ्यात कार्ड अडकवून निघाला. वासंतीबाईंनी डबा दिला आणि त्याच्या सॅकवरची कबुतराची घाण ओल्या फडक्याने पुसली. “बसची वाट बघत झाडाखाली उभा राहू नकोस, किती वेळा सांगू?” म्हणत त्या आत गेल्या.

तेजस बूट घालत होता. रंगराव येऊन दारात उभे राहिले. त्याने वर पाहिलं नाही. पुन्हा बोलणी खायची त्याची तयारी होती.

“शुक्रवारची मुलाखत मध्येच तुटली ना?” रंगराव आत ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले. “आता तुटणार नाही. गच्चीवर टाकीमागे अकरापर्यंतच सावली असते, नंतर जिन्याच्या डोक्याशी बस. तिथे रेंजच्या तीन कांड्या येतात. तपासलंय.”