बरणीतला वाटा

हौसाने वालाचं रोप मुळासकट उपटून ग्रामसभेत सगळ्यांसमोर धरलं. पानं पिवळी होती आणि मुळांवर एकही गाठ नव्हती. गावाची बरणी सांभाळणाऱ्या वत्सलाकाकूंनी नजर चुकवली.

युरियाचे कारखाने बंद होऊन वीस वर्षं झाली होती. आता आम्लधर्मी तांबड्या मातीतही तगणारे जिवाणू कोकणात गावोगावी बरणीत विरजणासारखे जपत. पेरणीच्या वेळी काकू उकळून निववलेल्या गूळपाण्यात ते कालवून घरोघरी वाटत. लोक ते बियाण्याला चोळत आणि उन्हाने जिवाणू मरू नयेत म्हणून बियाणं सावलीत सुकवत. मुळांवर गाठी धरून तेच पिकाला हवेतलं नत्र पुरवत. ज्याच्या शेतात ते मरत, त्याला पुढच्या वर्षी वाटा मिळत नसे.

"बियाणं मी सावलीतच सुकवलं होतं," हौसा म्हणाली.

"मग काय सरकारने येऊन उन्हात टाकलं?" सरपंच म्हणाले. दोघं-तिघं हसले.

"हिच्या हातालाच गुण नाही," मागून कुणीतरी बोललं.

हौसा स्वतःच्या तळव्यांकडे पाहू लागली. ते मात्र काकूंना बघवेना.

"तिच्या हातांना बोल लावू नका," त्या उठून म्हणाल्या. "तिच्या वाट्याचं गूळपाणी मी निवूच दिलं नाही. लेकीकडे जायची एसटी गाठायची होती. जिवाणू माझ्याच घरात मेले."



"काकू, हे तुमच्या आज लक्षात आलं?" हौसाने हळूच विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं.

"नाही गं," काकू म्हणाल्या. "पातेलं उचललं तेव्हाच हाताला चटका बसला होता."