बरं म्हणजे

"काका, ते जुने शेअर नुसते पडून आहेत. विकून टाकतो."

"बरं," बाबा म्हणाले.

"नवीन घेऊ, वाढले की तेही विकू. रोज विचारून तुम्हाला त्रास देत नाही. मी बघतो सगळं."

"बरं, बरं."

टेबलावरचा छोटा स्पीकर गप्प झाला. तिने खुर्चीचा हात धरून ठेवला होता. बाबांना जाऊन काही महिने झाले होते, आणि इथे, सुनावणीच्या या थंडगार खोलीत, चार परक्या माणसांसमोर ते नेहमीसारखे घसा खाकरत बोलून गेले होते.

"ऐकलंत, साहेब," दलाल कंपनीचे वकील म्हणाले. "मयत ग्राहकाचा स्पष्ट होकार आहे."

मयत ग्राहक. तिने ओठ मिटून घेतले. वकिलांच्या शेजारी, रेकॉर्डिंगमध्ये बाबांशी बोलणारा, ग्राहकांचे सौदे करणारा कंपनीचा डीलर बसला होता. टापटीप, तिच्याच वयाचा. त्याने बाबांच्या खात्यात वर्षभर खरेदी-विक्रीचा सपाटा लावला, प्रत्येक व्यवहारावर कंपनीने दलाली घेतली आणि खातं कोरडं पडलं. यात कुणाचाच वाद नव्हता. वाद एवढाच होता, की बाबांनी होकार दिला होता का. दिला असेल तर तिची तक्रार इथेच संपत होती. म्हातारपणाची पुंजी बाबांनी आपल्या हातांनी घालवली, असं सरकारी शिक्क्यानिशी ठरणार होतं.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला काही म्हणायचंय?"

घरून पाठ करून आणलेलं सगळं डोक्यातून पार गेलं होतं.

"ते 'हो' म्हणालेले नाहीत," ती म्हणाली. "'बरं' म्हणालेत."

वकील हसले. "मॅडम, भाषा आम्हालाही येते."

"येते तर कळायला हवं. समोरचा बोलतोय आणि आपण ऐकतोय, एवढाच बाबांच्या 'बरं'चा अर्थ. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, आता औषधांचा उपयोग नाही. तेव्हाही ते 'बरं'च म्हणाले. डॉक्टर काय परवानगी मागत होते?"

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुमचं दुःख मी समजू शकतो. पण मला पुराव्यावर जावं लागतं."

"पुरावा अर्धाच आहे."

"कशावरून?"

"बाबा फोन असा ठेवायचेच नाहीत. कुणाचा चुकून फोन लागला, तरी त्याला 'जेवलास का' विचारल्याशिवाय सोडायचे नाहीत. आम्ही घरात वैतागायचो. ते यात कुठे आहे?"

तपास अधिकारी बाई इतका वेळ कोपऱ्यात लॅपटॉपवर कामकाज टिपत होत्या. त्यांनी मान वर केली. "साहेब, हा तुकडा कंपनीने दिलेला आहे. त्यांच्या ऑफिसातून आम्ही जप्त केलेलं पूर्ण रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. वकीलसाहेबांनी हरकत घेतली म्हणून लावलं नाही."

"हरकत आहेच," वकील म्हणाले. "पुढे सगळं घरगुती बोलणं आहे. प्रकरणाशी त्याचा काय संबंध?"

"लावा," साहेब म्हणाले.

"बरं, बरं," बाबा पुन्हा म्हणाले, आणि या वेळी थांबले नाहीत. "जेवलास का?"

"हो, काका."

"हे बघ, तू फार भराभर बोलतोस बाबा. फोनवर मला त्यातलं काही उमगत नाही. संध्याकाळी घरी ये. नीट समजावून सांग, मग बघू."

"बरं, काका."

"येतोस ना?"

"बरं, बरं. ठेवतो."

रेकॉर्डिंग संपलं. साहेब डीलरकडे वळले. "गेला होतात?"

डीलर सावरून बसला. उत्तर मात्र त्याने तिला दिलं. "ताई, खरं सांगू का, त्या दिवशी ऑफिसात इतकी गडबड होती..."

"मला ताई म्हणायचं नाही," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "त्यांना काका म्हणालात तेवढं पुरे झालं. आत्ता मला कळतंय, त्या संध्याकाळी ते कुणासाठी बसले होते. इस्त्रीचा शर्ट घालून, दाराजवळच्या खुर्चीत. दिवे लागले तरी उठेनात. चहासुद्धा घेईनात, तो आल्यावर त्याच्याबरोबरच घेतो म्हणाले. मी म्हटलं, आता कोण येतंय, जेवायला चला. तर माझ्यावरच चिडले. म्हणाले, तो येतो म्हणालाय."

डीलरचा चेहरा लाल झाला. एवढ्या मोठ्या खोलीत एकट्यालाच फैलावर घ्यावं, तसं त्याला वाटलं असावं.

"अहो, येतो कुठे म्हणालो मी?" तो म्हणाला. "मी नुसतं 'बरं' म्हणालो होतो."

वकिलांचा हात झटकन त्याच्या बाहीवर पडला. साहेबांनी टेबलावरचा चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला.

"पुन्हा एकदा सांगा," ते म्हणाले. "सावकाश. बाई लिहून घेताहेत."