लाठीचा मार

लालबागच्या नाक्यावर हातगाडी पुन्हा अडली.

गाडीवर जयवंत पडला होता, गुडघे पोटाशी घेऊन. गिरणीच्या गोदामात कापसाच्या गाठी वाहणारा धिप्पाड गडी, पण तोंडावर राखेचा रंग आला होता. चाळीतले गडी गाडी ओढत होते. चाळीच्या मंडळाचा चिटणीस राजाराम पुढं घोषणा देत चालला होता. मागं गाडीची फळी धरून शेवंती, जयवंताची बायको.

"काय झालं हो?" जो तो विचारी.

"लाठीचा मार!" राजाराम ओरडे. "परवाच्या मोर्चात. पोटाखाली घातली हरामखोरांनी!"

मग काय विचारता. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." "झालाच पाहिजे!" दुकानदार फळीवरून उतरले, हॉटेलातले लोक चहा सोडून आले. फुलवालीनं विकायचा हार जयवंताच्या गळ्यात घातला. एका म्हाताऱ्यानं त्याचे पाय धरले ते सोडीचना. परळचं मोठं इस्पितळ हाकेच्या अंतरावर, आणि गाडी जागची हलेना.

जयवंताला लाठी लागलीच नव्हती. लाठ्या सुरू झाल्या तेव्हा सगळे पळाले, तोही पळाला. त्याला अंतर्गळ होता. गाठी उचलून उचलून झालेला, जांघेतला गोळा. तीन वर्षं तो रोज निजताना पाठीवर पडून तळव्यानं आत ढकलायचा आणि सकाळी लंगोट आवळून कामावर जायचा. परवा पळाला आणि गोळा बाहेर आला तो आत जाईना. दगडासारखा टणक झाला. काल वांत्या सुरू झाल्या. चाळीनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, लाठी. चाळीनं आंबेहळदीचा लेप आणला, तालमीच्या वस्तादानं तापल्या विटेचा शेक दिला. मार लागलेल्या माणसाला जे जे करतात ते सगळं झालं. बायकोला त्यानं शपथ घातली होती.

छातीवर गोळी घ्यायला निघालेले हे गडी. डॉक्टरपुढं धोतर सोडायचं म्हटलं की गळाठतात.

"वाट द्या हो," शेवंती म्हणत होती. "पाया पडते, वाट द्या." घोषणांत तिचं कोण ऐकतो? ज्याला त्याला हुतात्म्याला हात लावायचा होता.

जयवंत ओकला. हिरवं, कडू पाणी. शेवंतीनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. त्यानं तिचं मनगट पकडलं.

"बोललीस तर बघ गो. माझं मेलेलं तोंड बघशील."

"तेच बघतेय," ती म्हणाली.

तिनं मनगट सोडवून घेतलं, पदर कमरेला खोचला आणि चाकावर पाय देऊन गाडीवर चढली.

"अरे, लाठी नाही लागली ह्यांना! अंतर्गळ आहे! जांघेतला गोळा अडकलाय! आतडं कुजतंय माझ्या नवऱ्याचं, सोडा वाट!"

म्हाताऱ्यानं पाय सोडले आणि हात धोतराला पुसले.

"आयला," मागून कोणीतरी हसलं, "आणि ह्याला आपण हार घातला?"

"हार माझा होता," फुलवाली म्हणाली. "दात काय काढतोस मेल्या, हात लाव गाडीला!"

गर्दी फाटली. जयवंतानं गळ्यातला हार ओढून तोंडावर घेतला. राजारामानं घोषणा बंद केली आणि खाली मान घालून दांडा धरला.

इस्पितळातला डॉक्टर तरुण होता. त्यानं गोळ्याला बोट लावलं तसा जयवंत गुरासारखा ओरडला.

"कधीपासून आहे?"

जयवंत भिंतीकडं बघत राहिला. शेवंतीनं सांगितलं.

"आणि वरची कातडी कशानं भाजली?"

"विटेनं शेकलं," शेवंती म्हणाली.

"राहता कुठं?"

"इथंच. लालबागला."

डॉक्टर तिच्याकडं बघत राहिला. "ह्याची रोज ऑपरेशनं होतात इथं, बाई. आधी चालत आला असता तर चालत घरी गेला असता."

"आणि आता?"

"आता पोट उघडल्यावर कळेल. आतडं काळं पडलं नसलं म्हणजे बरं."

स्ट्रेचर आत नेताना जयवंत तिच्याकडं न बघता म्हणाला, "चाळीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस."

"तोंड घेऊन परत या," शेवंती म्हणाली. "मग भांडा."

दार लागलं.

गाडी ओढणारे गडी विडी प्यायला म्हणून एकेक करून बाहेर गेले ते आलेच नाहीत. बाकावर शेवंती एकटी बसली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सारायची, सोडायची. राजाराम तेवढा मागं राहिला होता. खांबाला टेकून, जमिनीकडं बघत. शिव्या द्यायला थांबला असेल, असं तिला वाटलं. मंडळाची अब्रू तिनं भर नाक्यावर घालवली होती.

बऱ्याच वेळानं तो जवळ आला. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. मघाशी नाका हलवणारा त्याचा आवाज आता तिला नीट ऐकूही येईना.

"वैनी, माझ्या भावाला पण थोडं तसंच आहे."

शेवंतीनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. राजाराम एकुलता एक. अख्ख्या चाळीला ठाऊक.

"आत सगळ्यांसमोर सोडायला लावतात काय?" त्यानं विचारलं.

"पडदा लावतात," ती म्हणाली. "त्याला आजच दाखवा, भावजी. मी बसलेय इथं."