थकव्याचा फॉर्म
आम्ही दोघे पायलट, कंपन्या वेगळ्या, विमानतळावरची चहाची खोली एकच. “तुमच्याकडे ‘थकलोय’ लिहून दिलं की घरी पाठवतात, आमच्याकडे बढती अडवतात,” मित्र म्हणायचा. मी हसत म्हणालो होतो, “मग लिहू नकोस ना, लेका. आधी कॅप्टन हो.” तो कॅप्टन झाला, आणि महिन्याभरात उतरताना त्याचं विमान धावपट्टीआधीच पडलं. तेव्हापासून माझा डोळा लागत नाही. पुढे त्याच्याच कंपनीने मला कॅप्टन करतो म्हटलं, आणि मी गेलो. आज रुजू झालो. साहेबांनी लॉकरची किल्ली दिली. “दुपारी उडायचंय.” लॉकर मित्राचाच होता, दारावर त्याचं नाव अजून तसंच. तळाशी थकव्याचा फॉर्म सापडला, अक्षर त्याचं, तारीख अपघाताच्या दिवसाची: ‘झोप नाही. उडवू शकत नाही.’ सहीची जागा कोरी. मी तिथे माझी सही करून फॉर्म साहेबांना दिला. “पहिल्याच दिवशी?” “अक्षर बघा, सर.”