माझ्या बांधावरचा शेवगा

"काकू, एकदा हौसाकाकूंच्या शेडवर जाऊन या," कंपनीचा सुपरवायझर माझ्याच शेडमध्ये उभा राहून मला म्हणाला. "कमी खाद्यात कोंबड्यांचं वजन कसं भरलंय बघा. औषधाचा खर्चही निम्मा."

हौसा माझी धाकटी जाऊ. तिला कोंबड्या पाळायला मीच शिकवलं, आणि हा दीडशहाणा मलाच तिच्या दारात धाडतोय! दोघींची पिल्लं एकाच कंपनीची, खाद्यही तेच. मी कुंपणाआडून पाळत ठेवली, तेव्हा कळलं. बाई शेवग्याचा पाला सावलीत वाळवून, कुटून, हळद घालून खाद्यात मिसळत होती. आणि शेवगा कुणाचा? माझ्या बांधावरचा! फांद्या तिकडे झुकल्यात म्हणून ओरबाडत होती.

माझ्या झाडावर तिच्या कोंबड्या पोसणार आणि कौतुक तिचं होणार? लेकाला म्हटलं, "बबन, कुऱ्हाड घे." त्याने कमरेइतकं खोड ठेवून सगळं झाड आडवं केलं. त्या दिवशी मी एक भाकरी जास्तच खाल्ली.

महिन्याभराने हौसा हसतच कुंपणाशी आली. "आक्का, छाटलंत ते लई बरं केलंत. मीच म्हणणार होते, पण तुमच्यापुढं तोंड उघडायची छाती होईना. कसला कोवळा पाला फुटलाय बघा! आता शिडीपण नको."

मी बघितलं. खोडाला चारी बाजूंनी हातहातभर धुमारे आले होते.

"मग? छाटल्याबिगर शेवगा फुटतो होय?" मी म्हणाले. "तेवढं तुला शिकवायचं राहिलं होतं."

घरात येऊन बबनला सांगितलं, "उद्यापासून आपल्याही कोंबड्यांना पाला घालायचा. तिच्या बाजूचा आधी तोड."